बाबांच्या नावावरची रायमुनिया

आमच्या बरडावर रायमुनिया कोणी आणली, हा प्रश्न गावाने कधीच निकालात काढला होता. ती बाबांनी आणली. पिठाच्या गिरणीत, सोयाबीन सोंगताना, एसटीची वाट बघताना, कुठेही विषय निघाला की हेच सांगितले जायचे. सांगणाऱ्याच्या आवाजात थोडी गंमत असायची, शहाण्या माणसाने आयुष्यात एकदाच केलेल्या मूर्खपणाबद्दल बोलताना असते तशी.

हे खरे नव्हते. ती मी आणली होती. हे माहीत असलेली माणसे दोनच होती, आणि त्यांतले एक गेल्या भाद्रपदात गेले.

रायमुनिया म्हणजे पुस्तकातली घाणेरी. कुठे तिला टणटणी म्हणतात. पिवळ्या-जांभळ्या फुलांचे लहान लहान झुबके, खरखरीत पाने, फांद्यांना बारीक आकडे, आणि हाताला लागला की दोन दिवस न जाणारा उग्र वास. मी कारंजा लाडच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागलो तेव्हा ज्या घरी खोली घेऊन राहत होतो, त्या घराला या झाडांचे कुंपण होते. संध्याकाळी मी पायरीवर पुस्तक घेऊन बसे आणि फुलपाखरे त्या कुंपणावर दाटी करत. मला ते झाड आवडायचे. ही गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही.

आमचे वावर मेडशीपासून थोडे आत आहे. खाली चार एकर काळी जमीन, सोयाबीन आणि तूर. वर टेकडीच्या अंगाला अडीच एकर बरड. बरड म्हणजे मुरमाड, उभ्या चढाची जमीन. तिच्यावर नांगर चालत नाही, गवत मात्र चांगले येते. पवन्या, मारवेल, कुसळी. आमची आणि शेजारची जनावरे त्या गवतावर जगायची. त्या काळी वरच्या जंगलातून रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरे उतरायची आणि एका रात्रीत तुरीचा पट्टा झोपवून जायची. बाबा काटेरी झुडपे तोडून कुंपण करत. ते दरवर्षी वाळून मोडे.

मी शेतीच्या एका मासिकात ‘सजीव कुंपण’ असा लेख वाचला. त्यात लिहिले होते की ज्या झाडाला जनावरे तोंड लावत नाहीत, ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दाट लावावे. सुट्टीत गावी आलो तेव्हा तो लेख मी बाबांना वाचून दाखवला. बाबा चौथी शिकलेले. छापलेल्या गोष्टीवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, पण माझ्या तोंडून आलेल्या छापील गोष्टीवर होता. पुढच्या खेपेला मी त्या कुंपणाच्या फांद्या तोडून, ओल्या पोत्यात गुंडाळून, दोन एसट्या बदलून घेऊन आलो. बाबांनी बरडाच्या कडेने खड्डे खोदले. मी एकेक फांदी हातात देत गेलो आणि ते मातीत खोचत गेले. दुपारपर्यंत काम संपले. मला आठवते, त्या दिवशी मला फार समाधान वाटले होते. शिकलेल्या मुलाचा घराला काहीतरी उपयोग झाला, असे.

सगळ्या फांद्या लागल्या.

वरच्या जंगलात रायमुनिया आधीपासून होती. पाखरे बी खातात, कुठेही बसून टाकतात. आज ना उद्या ती आमच्या बरडावर आलीच असती. हा युक्तिवाद मी स्वतःशी इतक्या वेळा केला आहे की तो मला पाठ आहे. तो चुकीचाही नसेल. पण आमच्या बरडावर ती आली ती पाखरांच्या पोटातून नाही, माझ्या पोत्यातून.

पहिली पाचसहा वर्षे कुंपण छान दिसले. मग ते धुऱ्यावरून चढाला सरकले. पळसाखाली, सालईखाली, जिथे बुलबुल बसायचे तिथे तिथे रोपे उगवली. गवत मागे हटले. मी वर्षातून दोनदा येई, तेव्हा खालच्या बांधावरून वर बघून म्हणे, ‘वाढलं की खूप.’ पंधरा वर्षांत सगळे बरड झाकले गेले, आणि गंमत अशी की ज्या डुकरांसाठी कुंपण केले, ती डुकरे त्याच झाडोऱ्यात ठाण मांडून राहायला लागली. आता त्यांना जंगलातून उतरण्याचीही गरज नव्हती.

बरडाच्या पलीकडे धुऱ्याला धुरा लागून एका बाईचे शेत आहे. ती बाबांपेक्षा आठदहा वर्षांनी लहान. बौद्धवाड्यात विहाराच्या मागे तिचे घर. नवरा लवकर गेला, एक लेक आसेगावकडे दिली. नात्याची नव्हे, पण ती बाबांना दादा म्हणायची म्हणून आम्ही भावंडे तिला आत्या म्हणायचो. चार वाजले की ती बरणीतून काळा चहा आणायची आणि दोघे धुऱ्यावर बसून प्यायचे. बोलायचे काय, तर कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या विहिरीला पाणी लागले. मी कधी तिथे असलो तर ती म्हणायची, ‘मास्तर, तू पुस्तकातलं सांग काई. आमाले तं शेनाशिवाय काई माहीत नाई.’ आणि मी खरेच काहीतरी सांगायचो.

सात वर्षांपूर्वी तिने लेकीच्या सासरहून एक गाय आणली. पहिलारू, तांबडी, अंगाने भरलेली. तिकडे सपाट काळे रान. त्या गाईने जन्मात रायमुनिया पाहिली नव्हती. आमच्याकडची जनावरे वासानेच तोंड फिरवतात. वैशाख होता, गवत संपलेले, हिरवे एवढेच एक झाड. आत्याने तिला धुऱ्याला बांधले आणि ती दोन दिवस रायमुनिया खात राहिली. तिसऱ्या दिवशी ती उन्हात उभी राहीना. डोळे पिवळे पडले, नाकपुडीवरची कातडी सोलून निघाली, पाणी प्यायलाही मान घालीना. डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता. त्यांनीच सांगितले, ही रायमुनियाची बाधा.

मी तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होतो. सकाळी दहाचा सुमार असेल. मी ओसरीवर कपाट लावत बसलो होतो, हातात पुस्तकांची चळत होती. आत्या अंगणात आली आणि तिने आत पाऊलही टाकले नाही. मागून आठदहा माणसे आली.

‘दादा, बाहीर ये! कोनं आनली ही पीडा बरडावर? तूनं का अजून कोनं?’

बाबा गोठ्यातून हात पुसत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

‘म्या आनली,’ ते म्हणाले.

‘तुले अक्कल नोती? जनावर खात नाई असं झाड मानूस कायले लावते?’

‘नोती अक्कल. लावली खरी.’

‘माही गाय गेली ना रे दादा. वासरू तीन मयन्याचं हाये.’

‘माही घेऊन जा. दावनीची कोनतीई सोडून ने.’

‘तुही गाय घालतं का माह्या मढ्यावर?’ आत्या म्हणाली. मग तिने बाबांना जे काही ऐकवले ते सगळे मला आठवते, इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाली, ‘आजपासून तू माहा दादा नाई. तुहा धुरा तुह्यापाशी, माहा माह्यापाशी.’

मी ओसरीवर उभा होतो. दहा पावलांवर. पुस्तके खाली ठेवली असती तरी चालले असते, पण मी ती छातीशी धरून उभा राहिलो. मला वाटले, आता रागात आहे, आता सांगून काय उपयोग. शांत झाली की सांगू. मला असेही वाटले की गावासमोर बाबांना खोटे पाडणे बरे नाही. हे दुसरे कारण मी नंतर शोधले असावे.

त्या संध्याकाळच्या गाडीने मी कारंजाला निघालो. बाबा मोटारस्टँडपर्यंत आले. मी विचारले, ‘तुमी काहून म्हटलं तसं?’

‘कसं?’

‘तुमी आणली म्हणून.’

‘खड्डे कोनं खंदले? टिकास माह्या हातात होती. तू तं कागद वाचून दाखोला.’ थोडे थांबून म्हणाले, ‘तुले सांगाचं असन तं सांग तिले. म्या काई अडवत नाई.’

एवढेच. त्यांनी अडवले असते तर मला आज बरे पडले असते. गाडी आली आणि मी चढलो. त्यानंतरच्या सात वर्षांत मी निदान पंधरा वेळा गावी आलो असेन. बाबांनी तो विषय एकदाही काढला नाही. मी येऊन गेलो की ते कदाचित बघत असतील, चार वाजता आत्या धुऱ्यावर येते का. ती येत नव्हती. आमच्या बरडावरून तिच्या शेतात जायला पायवाट होती, तीही तिने सोडली आणि नाल्याकडून वळसा घालून जाऊ लागली.

बाबा त्याच वर्षीच्या पावसानंतर बरडावर चढू लागले. वय पंचाहत्तरच्या पुढे. रोज सकाळी टिकास आणि एक रिकामे पोते घेऊन वर जायचे आणि उन्हे चढेपर्यंत पाचसहा झुडपे काढून यायचे. एकटे. धाकट्या भावाने मजूर लावू म्हटले तर म्हणाले, ‘म्या लावली, मीच काढतो.’ एकदा मी आलो असताना निघताना त्यांनी विचारले, ‘येतं का वर?’ मी म्हटले, पेपर तपासायचे आहेत. पेपर खरेच होते. पण ते रात्रीही तपासता आले असते.

भाद्रपदात त्यांना ताप आला. अकोल्याला नेले, तिसऱ्या दिवशी परत आणले. मातीला सगळे गाव आले. आत्या आली नाही.

तेरवी झाली, सोयाबीन निघाले, आणि मी भावाला म्हटले की उरलेले बरड मी साफ करतो. मी आदल्या वर्षीच निवृत्त झालो होतो. भावाने माझ्या हातांकडे पाहिले. मी गावातल्या चार बायका कामाला बोलावल्या आणि नवे विळे आणले.

पहिल्या दिवशी आम्ही खालून सुरुवात केली. मी बायकांना सांगितले, गुडघ्याएवढे ठेवून कापा आणि ढीग लावा. सपासप काम होत होते. चढावर पाय ठरत नव्हता, मुरूम घसरत होता, आकड्यांनी बाह्या फाटत होत्या, पण दुपारपर्यंत चांगला तुकडा मोकळा दिसू लागला. चौघींमध्ये एक, मुलाचा मफलर डोक्याला बांधून येणारी, सतत बोलणारी होती. ती म्हणाली, ‘मास्तर, अशानं तं आठ दिवसात टेकडीचं मुंडन होते.’

तेवढ्यात धुऱ्यापलीकडून आवाज आला.

‘मुंडनच होते. केस पुन्हा येते.’

आत्या तिच्या बाजूला एका दगडावर बसली होती. केस सगळे पांढरे, हातात काठी. कधीपासून बघत होती कोण जाणे.

‘शेंडे काय कापून राह्यला रे मास्तर? हजामत हाये का? बुड काढ बुड. नाई तं एकाचे दहा फुटते.’

बायका हसल्या. मी चढून धुऱ्यापर्यंत गेलो. म्हटले, ‘आत्या, बुड कसं काढायचं?’

‘तुह्या बापानं नाई शिकोलं?’

 तिने काठी रोखली.

‘आधी बस. उतारावर उभा राहून करशीन तं लोळत जाशीन खाली. पोतं टाक गुडघ्याखाली. तोंड वर चढाकडं. आता माती कोर बुडाभवती, चार बोटं. ते जाड गाठीसारखं दिसते ना? त्याच्या खालून घाल टिकास. वरून नाई, खालून. हां. आता उपट.’

झुडूप मुळासकट हातात आले.

‘भुईवर नको टाकू. मूळ भुईले लागलं का पुन्हा धरते. झाडाच्या बेचकीत अडकव, मुळ्या वर करून. वाळू दे तठी.’

मी झुडूप पळसाच्या बेचकीत उलटे अडकवले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की वरच्या अंगाला, बाबांनी साफ केलेल्या भागात, पळसांवर अशी कितीतरी वाळकी झुडपे मुळ्या आभाळाकडे करून लटकलेली आहेत. मी ती खालून पाहिली होती आणि वादळाने अडकलेला कचरा समजलो होतो.

‘तुमाले हे सगळं कसं माहीत?’ मी विचारले.

‘डोये हायेत मले,’ ती म्हणाली. ‘सात वर्सं पाह्यलं. पह्यल्या वर्सी त्यानंई शेंडेच कापले. मंग जाळून पाह्यलं. जाळलं तं अजून जोमानं आली. मंग हे सापडलं त्याले. समोर एक मानूस येऊन मातीत नाक खुपसून बसते सकाळी सकाळी, दिसनच ना कोनालेई.’

म्हणजे सात वर्षे ती इथेच, या दगडावर बसत होती. बोलत नव्हती, पण बघत होती. माझ्या बापाचे काम, जे मी एकदाही पाहिले नाही, तिने रोज पाहिले होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिने सांगितले तसे काढू लागलो. काम एकदम मंद झाले. पाच माणसांत दिवसाला एक पट्टा. आत्या सकाळी येऊन बसायची आणि तिकडून ओरडायची. ‘ए मफलर, ते बारीक रोप ठेवलं, ते काय भाजीले ठेवलं का?’ ‘मास्तर, टिकास हाये ते, पेन नोय!’ बायकांना करमणूक झाली. मलाही ते बोलणे हवेसे वाटू लागले, आणि जितके हवेसे वाटे तितका मी आतून आवळत होतो. कारण ती माझ्याशी बोलत होती ते मी तिचा गुन्हेगार नाही असे समजून.

चौथ्या दिवशी भाकरी खायला बसलो असताना मफलरवाली म्हणाली, ‘बुढा एवढा हुशार मानूस. त्याले हे लावाची बुद्धी कोनं देल्ली असन हो मास्तर?’

घास माझ्या तोंडात होता. मी तो चावत राहिलो. धुऱ्यापलीकडून आत्याच म्हणाली, ‘कोन देते? त्याची त्यालेच सुचली. मोठा हट्टी होता. जाऊ द्या आता, मेल्या मानसाचं.’

मी पाणी प्यालो. हे दुसऱ्यांदा झाले. पहिल्या वेळी निदान बाबा जिवंत होते.

त्यानंतर दोन दिवस माझे हात चालत होते, पण मला काही दिसत नव्हते. बायका घरी गेल्यावरही मी वर बसून राहायचो. तिसऱ्या दिवशी बायका उतरल्या, आत्या काठी टेकत उठू लागली, तेव्हा मी धुरा ओलांडून तिच्या बाजूला गेलो आणि म्हणालो, ‘आत्या, रायमुनिया बाबांनी नाही आणली. मी आणली. कारंज्याहून. मीच त्यांना लावायला लावली.’

ती परत खाली बसली.  मला वाटले, ती मला काठीने मारेल. मारले असते तर बरे झाले असते.

‘मंग तो काहून म्हने म्या आनली?’

‘मी तिथंच उभा होतो. मी बोललो नाही.’

‘तू उभा होता,’ ती म्हणाली. ‘हो. पुस्तकं होते तुह्या हातात.’

तिला ते आठवत होते.

‘सात वर्सं म्या त्याच्याशी बोलली नाई,’ ती म्हणाली. ‘त्याच्या मातीले आली नाई. घरात बसून राह्यली. सारं गाव गेलं, म्या दाराले कडी लावून बसली. अन् तू आता येऊन सांगून राह्यला. आता कायले सांगतं रे? तुह्या मनाचं वझं उतराले?’

 ती म्हणत होती ते खरेच होते. इतके दिवस मी एवढाच विचार केला होता की सांगितल्यावर बाबांचे नाव धुतले जाईल. ज्या बाईने त्या नावावर सात वर्षे राग धरला होता, तिच्या हाती मी काय देतो आहे, याचा विचार मी केलाच नव्हता. मी माझ्या खांद्यावरचे उतरवले आणि तिच्या खांद्यावर ठेवले. कडी लावून बसलेला तो दिवस आता तिला परत मिळणार नव्हता, आणि तो तिने कोणामुळे गमावला हे मी तिला नुकतेच सांगितले होते.

‘मले एकटीले सांगून काय होते?’ ती उठत म्हणाली. ‘म्या त्याले चार लोकायत शिव्या देल्या. तू चार लोकायत सांग.’

बरड साफ झाल्यावर भावाने रोडगे करायचे ठरवले. आमच्याकडे मोठे काम तडीस गेले की वावरात मारुतीच्या नावाने रोडगे करतात आणि गाव जेवायला बोलावतात. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. मार्गशीर्षातला एक शनिवार. खालच्या वावराच्या कडेला पंगत बसली, पन्नासएक माणसे. आत्यालाही निरोप होता. ती आली आणि बायकांच्या पंगतीत शेवटी बसली. जेवायला सुरुवात केली नाही. माझ्याकडे पाहत राहिली.

मी उभा राहिलो. पस्तीस वर्षे वर्गात बोललेला माणूस मी. आवाज शाळेतलाच निघाला. ‘आपल्या सर्वांना एक गोष्ट सांगावयाची आहे,’ असे काहीतरी मी म्हणालो. कोणीतरी ओरडले, ‘मास्तर, भाषन मंग करा, रोडगा थंडा होऊन राह्यला!’ हशा झाला. मग मी एका दमात सांगितले. फांद्या मी आणल्या, पोत्यात घालून आणल्या, बाबांनी माझ्या सांगण्यावरून लावल्या, आणि आत्याची गाय मेली त्या दिवशी मी ओसरीवर असून बोललो नाही.

  समोर बसलेला एक म्हातारा, बाबांचा मित्र, द्रोणातले वरण ओरपत म्हणाला, ‘अरे मास्तर, त्याचं काय एवढं घेऊन बसला! ते तं पाखरं आनते. जंगलात नाई का? तू नाई आनली असती तं बुलबुलानं आनली असती. बस, जेव.’

दोघातिघांनी माना हलवल्या. ‘खरं हाये. पाखरंच आनते.’

माझा पाठ असलेला युक्तिवाद दुसऱ्याच्या तोंडून आला होता. किती सहज आला. बसलो असतो तर विषय तिथेच संपला असता, लोक जेवले असते आणि उद्या कोणाला काही आठवले नसते.  मी आत्याकडे पाहिले. तिने अजून घास मोडला नव्हता.

‘नाही काका,’ मी म्हणालो. ‘जंगलातलं पाखरांनी आणलं असेल. आमच्या बरडावरचं मी आणलं. बाबांच्या नावावर ते ठेवू नका.’

म्हाताऱ्याने खांदे उडवले. मफलरवाली मोठ्याने म्हणाली, ‘म्हनूनच म्हतलं म्या, बुढ्याची अक्कल नोती ते!’ आणि पुन्हा हसू, आणि मग भाजी वाढणारा आला आणि पंगत जेवायला लागली. मीही बसलो. भाऊ शेजारी होता. त्याने माझ्या रोडग्यावर तूप वाढले. त्याच्या मनात काय होते मला आजही माहीत नाही. विचारायचा धीर झालेला नाही.

आत्या जेवली. दोन रोडगे खाल्ले, पानात काही टाकले नाही. हात धुतला, भावाच्या बायकोशी दोन शब्द बोलली आणि काठी टेकत निघून गेली. माझ्याजवळून गेली, पण थांबली नाही.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही.

मी आता महिन्यातून दोनदा तीनदा बरडावर जातो. एकदा काढून रायमुनिया संपत नाही. जमिनीत पडलेले बी वर्षानुवर्षे उगवत राहते, विशेषतः पाखरे बसतात त्या झाडांखाली. रोपे बोटभर असतानाच काढावी लागतात. काही ठिकाणी पवन्या परत धरू लागला आहे. पहिल्या काही खेपांना आत्या दिसली की मी हाक मारायचो. तिने मान वर केली नाही. मग मी हाक मारणे सोडले. बाबांच्या वाट्याला सात वर्षे आली. माझ्या वाट्याला किती येतील, हे विचारण्याचा मला अधिकार नाही. तिच्या हाती तेवढी उरलीही नसतील.

गेल्या रविवारी मी सालईखाली बसून रोपे उपटत होतो. आत्या तिच्या बाजूला शेळी चारत होती. शेळी दोर ताणून आमच्या धुऱ्याकडे, खालच्या कोपऱ्याकडे ओढत होती. आत्याने दोर खेचला आणि शेळीला मोठ्याने, अगदी माझ्यापर्यंत पोहोचेल इतक्या मोठ्याने म्हणाली,

‘तिकडं कायले मरतं व? त्या कोपऱ्यातलं अजून काढलं नाई लोकायनं. दगडाआड हाये, दिसत नाई त्यायले.’

मी पोते आणि टिकास उचलली आणि उतरून त्या कोपऱ्यात गेलो. दगडाआड खरेच हातभर वाढलेली तीन झुडपे होती. मी गुडघ्याखाली पोते टाकले, चढाकडे तोंड केले आणि माती कोरू लागलो.